दोन फेऱ्यांत एक ठिणगी : क्रँक, कॅम आणि डिस्ट्रिब्युटर

गेल्या भागात आपण कार्ब्युरेटरपाशी थांबलो होतो. पेट्रोल आणि हवा सिलिंडरच्या दारापर्यंत पोचली होती. आज ती आत जाऊन पेटते कधी, हे पाहायचे आहे. मी "कशी" म्हटले नाही, "कधी" म्हटले. पेटवायला कॉइल आणि प्लग पुरे होतात. वेळ साधायची तर इंजिनातल्या तीन फिरत्या वस्तू एकमेकींना पक्क्या बांधाव्या लागतात. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्युटर.

कुणी म्हणेल, आता डिस्ट्रिब्युटर उरला आहे कुठे? प्रश्न बरोबर आहे. उत्तरपाड्याला अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. तरीही वडिलांची मारुती ८०० अंगणात झाकून ठेवलेली घरे मला इंदुरात दिसतात, बेळगावात दिसतात, हैदराबादेतही दिसतात. जुन्या जीप तर शेतावर अजून राबतात. या गाड्यांचे खरे दुखणे हल्ली वेगळेच आहे. पॉइंट आणि टायमिंग हातावर असलेला मेकॅनिक म्हातारा झाला, आणि नव्या मुलाला स्कॅनर लावून गाडी तपासायची सवय. या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. म्हणून मालकाला स्वतःला हे समजलेले बरे. शिवाय हा हिशेब एकदा डोक्यात बसला, की आजच्या गाडीतले सेन्सरही आपोआप समजतात. तिकडे शेवटी येऊ.

आधी उजळणी. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत ओढतो, वर येताना ते दाबतो, मग ठिणगी पडते आणि जळत्या वायूच्या जोराने तो खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना जळलेला धूर बाहेर काढतो. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत हे चक्र चालवून दाखवले, आणि पेट्रोलच्या गाड्या अजून त्याच चक्रावर चालतात.

आता मोजा. पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर गेला की क्रँकची एक फेरी पुरी होते, म्हणजे ३६० अंश. चार स्ट्रोकना दोन फेऱ्या, ७२० अंश. म्हणजे एका सिलिंडरचे एक काम पुरे व्हायला क्रँक दोनदा फिरतो.

इथेच गोम आहे. पिस्टन टॉपला येतो तो या दोन फेऱ्यांत दोनदा. एकदा कॉम्प्रेशन संपताना आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. क्रँकच्या पुलीवर टॉपची खूण असते, टायमिंग कव्हरवर तिच्यासमोर दुसरी खूण असते, आणि दोन्ही वेळा त्या खुणा तितक्याच चोख जुळतात. पिस्टनची उंचीही तीच. फरक एवढाच, की एका वेळी वर दाबलेले मिश्रण असते आणि दुसऱ्या वेळी निघून जाणारा धूर. क्रँककडे पाहून हा फरक कधीच कळणार नाही. तुम्ही कितीही बारीक खूण कोरा, क्रँकला आपण किती अंशावर आहोत हे कळते. आपण पहिल्या फेरीत आहोत की दुसऱ्या, हे त्याला कळत नाही.

मग ते कुणाला कळते? कॅमला. सक्शनचा व्हॉल्व्ह ७२० अंशांत एकदाच उघडायचा असतो, एक्झॉस्टचाही एकदाच. ते उघडणारा दांडा क्रँकच्याच वेगाने फिरला, तर व्हॉल्व्ह प्रत्येक फेरीला उघडेल आणि कॉम्प्रेशनच होणार नाही. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर अर्ध्या वेगाने फिरवतात. क्रँकवरच्या चक्राला २० दाते असतील तर कॅमवरच्या चक्राला ४०. मध्ये चेन असो, बेल्ट असो किंवा गिअरला गिअर भिडलेला असो, दात्यांचे प्रमाण दुप्पटच राहणार. टायमिंग कव्हर उघडल्यावर मोठे चक्र दिसले की तो कॅम, हे विचारायला नको.

कॅमची एक फेरी म्हणजे एक पुरे चक्र. त्यामुळे कॅमच्या अंगावर कुठेही खूण केली, तरी ती खूण पुऱ्या चक्रात एकदाच त्या जागी येते. कॅम हे इंजिनाचे घड्याळ आहे असे म्हणतात. मी त्याला कॅलेंडर म्हणेन. सकाळचे सात की संध्याकाळचे सात, हे तबकडीवरच्या काट्यांना सांगता येत नाही; तसा क्रँक. तारीख सांगणारा कॅम.

ठिणगीसुद्धा ७२० अंशांत एका सिलिंडरला एकदाच हवी. म्हणून डिस्ट्रिब्युटरही कॅमच्या वेगानेच फिरतो, म्हणजे क्रँकच्या निम्म्या. बहुतेक इंजिनांत तो कॅमवरूनच फिरवलेला असतो. कॅमच्या अंगावर तिरप्या दात्यांचा गिअर, त्यात अडकलेला डिस्ट्रिब्युटरचा दांडा, प्रमाण एकास एक. ज्या इंजिनांत कॅम वर हेडमध्ये असतो, तिथे काही ठिकाणी डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकालाच बसवतात. कसाही बसवा, क्रँक ३००० फेऱ्यांवर असेल तर कॅम १५०० वर आणि रोटरही १५०० वरच.

जाता जाता नावाविषयी. आपल्याकडे कितीतरी गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला "डेल्को" म्हणतात. हे मूळ कंपनीचे नाव. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिच्या आद्याक्षरांचे "डेल्को" झाले. पॉइंट, कॉइल आणि बॅटरीवर चालणारी केटरिंग यांची पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसे हे. शंभरावर वर्षे उलटली, आणि डेटन कुठे आहे हे ठाऊक नसलेला माणूसही "डेल्को खोल" म्हणतो.

तर डेल्को खोलूया. माझ्यासमोर टेबलावर चार सिलिंडरचा एक आहे. वर काळी कॅप. कॅपच्या मधोमध जाड वायर येते, ती कॉइलकडून. कडेने चार वायरी निघतात, त्या चार प्लगना. कॅप काढली की रोटर, तो फिरताना चारही तोंडांच्या जवळून जातो. रोटर उपसला की खाली पॉइंट आणि कंडेन्सर, आणि मधल्या दांड्याला चार उंचवटे. उंचवटा पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो वर रोटरकडे जातो आणि रोटर त्या वेळी ज्या तोंडासमोर असेल त्या प्लगला मिळतो.

या एका डब्यात दोन वेगळी कामे चालतात, हे लक्षात ठेवा. खालचा मजला ठरवतो ठिणगी केव्हा पडायची. वरचा मजला ठरवतो कुणाला द्यायची. पुढे ज्या गडबडी सांगणार आहे, त्या सगळ्या या दोन मजल्यांत वाटता येतात.

चार तोंडे, म्हणजे कॅपवर दर ९० अंशांवर एक. रोटर ९० अंश फिरतो तेव्हा क्रँक १८० अंश फिरलेला असतो. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला एक ठिणगी. ३००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. पॉइंट सेकंदाला शंभरदा उघडमिट करतात. ते झिजतात, जळतात याचे नवल नाही; इतके टिकतात याचेच वाटावे. सहा सिलिंडरला तोंडे ६० अंशांवर. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर, म्हणून तिथे १२० अंशांवर, आणि क्रँकच्या दर २४० अंशांना एक ठिणगी. या तिनाची गंमत थोड्या वेळाने.

आता मुख्य दुखणे. इंदूरला ओळखीतल्या एका गृहस्थांच्या अँबॅसिडरचे इंजिन बांधून झाले होते. बीएमसीच्या आराखड्याचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन. रिंगा नव्या, बेअरिंग नवी, काम नीट झालेले. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरे, पण चालू होईना. मध्येच कार्ब्युरेटरमधून फट् करून आवाज, कधी सायलेन्सरमधून धडाका. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर दोनदा धुतला, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, व्हॉल्व्ह बसले नाहीत, हेड पुन्हा उतरवावे लागेल. हेड पुन्हा उतरवायचे म्हणजे नवे गॅस्केट, पुन्हा मजुरी, आणि मालकाचा इंजिनावरचा विश्वास उडालेला.

मी कॅपवरच्या एक आणि चार नंबरच्या वायरी आपसात बदलायला सांगितल्या, आणि दोन आणि तीनच्याही. गाडी दुसऱ्या सेल्फला लागली.

यात जादू काही नव्हती. इंजिन बांधताना क्रँकच्या चक्रावरचा ठिपका आणि कॅमच्या चक्रावरचा ठिपका समोरासमोर आणून चेन चढवली होती, ते बरोबर होते. मग पुलीची खूण टॉपला आहे म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दांडा "एक नंबर" समजून बसवला. पण त्या वेळी एक नंबरचा पिस्टन एक्झॉस्टच्या टॉपला होता. कॉम्प्रेशनला होता चौथा. ठिपक्याला ठिपका जुळला म्हणजे एक नंबर पेटायच्या तयारीत आहेच, असे नव्हे. कोणत्या इंजिनात त्या क्षणी कोणता सिलिंडर कॉम्प्रेशनला असतो, हे ते इंजिन बनवणाऱ्याने ठिपके कुठे मारले यावर आहे.

इथे बरेच लोक म्हणतात, "कॅम १८० अंशांनी उलटा बसला." नीट विचार केला तर कॅम १८० अंशांनी उलटा बसूच शकत नाही. कॅमचे १८० म्हणजे क्रँकचे ३६०, म्हणजे क्रँकची एक पुरी फेरी. आणि एका पुऱ्या फेरीनंतर सगळे पिस्टन होते तिथेच येतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचे नाते तिळभरही बिघडत नाही. कॅम एक दाता चुकू शकतो. ४० दात्यांच्या चक्रात एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८, आणि ती मोठी चूक आहे. काही इंजिनांत दोन-चार दाते चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. पण अर्धी फेरी चुकणे ही चूक फक्त डिस्ट्रिब्युटरच्या बाबतीतच होते, कारण इंजिनात तो एकटाच "कोणता सिलिंडर" हा प्रश्न विचारतो. हेड उतरवून त्याचे उत्तर सापडणार नव्हते.

आणि वायरी बदलून काम का झाले? चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये १८० अंश म्हणजे बरोबर दोन घरे. चारही उंचवटे सारखेच, त्यामुळे पॉइंट उघडायची वेळ ठीकच राहते. खालचा मजला बरोबर, वरचा चुकलेला. ठिणगी वेळेवर पडते, पण एकची चारला आणि तीनची दोनला जाते. ती सक्शनचा व्हॉल्व्ह उघडायच्या सुमारास पडते, म्हणून आग मागे कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर पडते. वायरी दोन घरे सरकवल्या की संपले.

हाच प्रकार तीन सिलिंडरला करून पाहा. घरे १२० अंशांवर, मग १८० म्हणजे दीड घर. रोटर दोन तोंडांच्या मध्ये उभा राहतो आणि पॉइंटही भलत्याच वेळी उघडतात. दोन्ही मजले चुकले. वायरी कशाही फिरवा, गाडी लागणार नाही. डिस्ट्रिब्युटर उपसून नीटच बसवावा लागतो. अँबॅसिडरवर चाललेली युक्ती मारुती ८०० वर का चालत नाही, याचे उत्तर हे एवढेच.

म्हणून डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी रोटर कुठे बघतो आहे याची खडूने खूण करा आणि मग क्रँक हलवू नका. बहुतेक भांडणे तिथेच मिटतात. पण खूण न करता कुणी काढून ठेवलाच असेल, तर कॉम्प्रेशनचा टॉप शोधायचा. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्याला पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवू द्या. अंगठा हवेने ढकलला जाऊ लागला की कॉम्प्रेशन सुरू झाले. तिथून पुढे खूण जुळेपर्यंत आणा. हा टॉप खरा. एक्झॉस्टला हवा उघड्या व्हॉल्व्हमधून निघून जाते, अंगठ्याला काही कळत नाही.

दुसरी रीत रॉकर कव्हर उघडून. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असेल तर त्याचे दोन्ही रॉकर सैल असतात, हाताने किंचित हलतात. त्याच वेळी चार नंबरचा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि सक्शन उघडत असतो. क्रँक जरा मागेपुढे करा, चारचे दोन रॉकर सी-सॉसारखे डुलतात. एक आणि चार ही जोडी आहे. पिस्टन दोघांचे बरोबरीने वर येतात, पण कामात एक पुरी फेरी मागे-पुढे. दोन आणि तीन ही दुसरी जोडी.

टॅपेट सेट करायचा नऊचा नियम याच जोडीतून आला. जुन्या मेकॅनिकना तो तोंडपाठ असतो, कारण मात्र क्वचित कुणी सांगतो. अँबॅसिडरच्या त्या इंजिनात आठ व्हॉल्व्ह ओळीत. आठवा पूर्ण उघडलेला असताना पहिल्याचा टॅपेट सेट करायचा, सातवा उघडलेला असताना दुसऱ्याचा, सहावा असताना तिसऱ्याचा. बेरीज नेहमी नऊ. या ओळीत पहिला व्हॉल्व्ह एक नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट आणि आठवा चार नंबरचा एक्झॉस्ट. दोन्ही सिलिंडर क्रँकच्या हिशेबाने ३६० अंशांवर, म्हणून त्यांचे उंचवटे कॅमवर १८० अंशांवर, अगदी पाठीला पाठ. एकाचे टोक टॅपेटला भिडले असेल, तर दुसऱ्याची पाठ टॅपेटखाली असणारच. व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी आहे म्हणून बेरीज जुळते. मांडणी वेगळी असलेल्या इंजिनात हा नियम डोळे मिटून लावू नका.

आता दिशा. क्रँक बहुतेक गाड्यांत पुढून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. रोटर कोणत्या दिशेने फिरेल हे मात्र तिरप्या दात्यांचा कल कोणता आणि डिस्ट्रिब्युटर कोणत्या बाजूने बसवला यावर ठरते. दुसऱ्या गाडीवरून अंदाज करू नका. कॅप काढा, सेल्फला क्षणभर हात लावा आणि डोळ्यांनी पाहा. अँबॅसिडरच्या बीएमसी इंजिनात तो वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. वायरींचा क्रम, १-३-४-२, रोटर फिरतो त्याच दिशेने मांडायचा. उलट दिशेने मांडला तर काय होते पाहा: एक जागेवर, चार जागेवर, फक्त दोन आणि तीनची अदलाबदल. म्हणजे गाडी दोन सिलिंडरवर चालूही होते, थडथडते, मधून मधून फटाके फोडते, आणि मालक महिनाभर प्लग बदलत बसतो. निम्मी बरोबर असलेली चूक पूर्ण चुकीपेक्षा जास्त छळते.

डिस्ट्रिब्युटर आत बसवताना आणखी एक. गिअर त्याच्याच दांड्याला असेल, तर तिरप्या दात्यांमुळे खाली उतरता उतरता रोटर थोडा वळतो. तेवढे मागे धरून सुरुवात करायची. अँबॅसिडरच्या पद्धतीत गिअरचा दांडा वेगळा असतो आणि डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेत बसतो. ती खाच मुद्दाम मध्यापासून बाजूला कापलेली असते, म्हणून डिस्ट्रिब्युटर एकाच तऱ्हेने बसतो. छान सोय. पण खालचा दांडाच उलटा बसवला तर ती सोयही उलटी बसते. इंदुरात तेच झाले होते.

आता अंशांकडे. मिश्रण पेटून पूर्ण दाब यायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी टॉपच्या थोडी आधी पाडतात. हिशेबापुरते धरा की त्याला दोन मिलिसेकंद लागतात. ८०० फेऱ्यांवर तेवढ्यात क्रँक सुमारे १० अंश फिरतो. ३००० वर ३६ अंश. म्हणजे वेग वाढला की ठिणगी अधिकाधिक आधी पडायला हवी. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगला अडकवलेली दोन वजने असतात. वेगाने ती बाहेर फेकली जातात आणि उंचवट्यांना पुढे सरकवतात. विजेचा एक तारही नाही त्यात, केवळ गोफण. मला हा भाग पाहताना दरवेळी आनंद होतो.

पण अंश कुणाचे? डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. वजनांनी उंचवटे १२ अंश सरकवले तर क्रँकवर २४ अंशांचा फरक पडला. जुन्या पुस्तकांत काही तक्ते डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत आणि त्याच्याच फेऱ्यांत दिलेले असतात, काही क्रँकच्या. "१५०० ला १२" आणि "३००० ला २४" ही एकच गोष्ट आहे. वाचताना तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते आधी पाहायचे, नाहीतर बरोबर असलेला डिस्ट्रिब्युटर निकामी ठरतो. आणि बाहेरून टायमिंग फिरवताना हात हलका ठेवा, तुम्ही जेवढे फिरवाल त्याच्या दुप्पट क्रँकला लागते. डब्याचे अंग रोटरच्या उलट दिशेने फिरवले की ठिणगी लवकर, रोटरच्या दिशेने फिरवले की उशिरा.

हँडल मारून चालू करायच्या गाडीवर हे केवळ मायलेजचे प्रकरण नसते. ठिणगी फार आधी पडली, तर पिस्टन टॉपला पोचण्याआधीच खाली ढकलला जातो, क्रँक उलटा झटका देतो आणि हँडल हाताला मारते. मनगटे मोडली आहेत यात. म्हणून हँडल धरताना अंगठा मुठीखाली वळवायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटक्याला हात सुटतो. जीपवाले वाचत असतील तर एवढे तरी घरातल्या मुलांना दाखवून ठेवा.

एक दुखणे राहिले, ते या साखळीच्या रचनेतच आहे. ठिणगीचा खरा संबंध पिस्टनशी, म्हणजे क्रँकशी. पण डिस्ट्रिब्युटर बांधला आहे कॅमला, आणि कॅम चेनने क्रँकला. मधली चेन सैल झाली की कॅम मागे पडतो, त्याच्याबरोबर व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही उशिरा होतात. स्ट्रोब दिवा पुलीवर धरला की खूण एका जागी न राहता मागेपुढे नाचते. त्यात कधी डिस्ट्रिब्युटरच्या बुशाचा ढिलेपणाही असतो. मेकॅनिक डबा फिरवून ठिणगी पुन्हा वेळेवर आणतो, गाडी जरा सुधारते, आणि सगळे खूश. व्हॉल्व्ह मात्र उशिराच राहिलेले असतात. चढावर गाडी ओढत नाही ती नाहीच. टायमिंग वरचेवर फिरवावे लागत असेल, तर डेल्को सोडा आणि चेन पाहा.

थोडक्यात अडचण अशी होती: अंश नेमके सांगणारा क्रँक, पण त्याला फेरी कळत नाही, फेरी कळणारा कॅम, पण त्याचे अंश चेनच्या भरवशावर. यातून सुटायच्या वाटा दोन निघाल्या.

पहिली वाट आपल्या सगळ्यांच्या पायाखालची. आपल्याकडच्या कितीतरी शंभर सीसीच्या चार स्ट्रोक बाइकमध्ये डिस्ट्रिब्युटर नाही आणि पॉइंटही नाहीत. फ्लायव्हील मॅग्नेटजवळ एक पिकअप असतो. फ्लायव्हील क्रँकवर, म्हणून ठिणगी प्रत्येक फेरीला पडते. एक कॉम्प्रेशनच्या शेवटी, कामाची; दुसरी एक्झॉस्टच्या शेवटी, धुरात वाया. त्या धुरात पेटण्यासारखे काही उरलेले नसते, त्यामुळे बिघडतही काही नाही. फेरी कळत नाही ना, मग दोन्ही फेऱ्यांना ठिणगी द्या. एका सिलिंडरला इतका सोपा उपाय पुरतो. जुन्या बजाज चेतकसारख्या दोन स्ट्रोकच्या स्कूटरला हा प्रश्नच नव्हता. तिथे कॅमशाफ्टच नाही, चक्र एकाच फेरीत पुरे होते आणि प्रत्येक ठिणगी कामाची.

दुसरी वाट सेन्सरची. आजच्या बऱ्याच गाड्यांत क्रँकवर दात्यांचे एक चाक असते, ६० दात्यांच्या जागा, त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले. एक जागा म्हणजे ६ अंश. सेन्सर दाते मोजतो, रिकामी जागा आली की नवी फेरी सुरू झाली हे संगणकाला कळते. चेनचा ढिलेपणा मध्ये येत नाही, अंश थेट क्रँकवरून. पण फेरी कोणती, हे तरीही कळत नाही. त्यासाठी कॅमवर दुसरा सेन्सर. म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे दोन मजले वेगळे काढून दोन जागी बसवले: "केव्हा" क्रँकला विचारायचे, "कुणाला" कॅमला. गोफणीचे काम संगणकातल्या तक्त्याने घेतले आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली.

क्रँकचा सेन्सर गेला तर बहुतेक गाड्या जागच्या जागी बंद पडतात. कॅमचा गेला तर पुष्कळ गाड्या तरीही चालू होतात, फक्त सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. त्या वेळात काही संगणक बाइकसारखी दोन्ही फेऱ्यांना ठिणगी देतात. काही एक फेरी अंदाजाने धरतात, क्रँकने वेग घेतला का ते पाहतात, आणि नसेल घेतला तर ३६० अंश सरकून दुसरी धरतात. वायरी दोन घरे सरकवायचेच काम, फक्त कुणाचे हात काळे होत नाहीत.